एका पायावरचा बगळा

२ मार्च, सकाळ

तारीख फोन स्वतःच घालतो, असं नात म्हणाली. आपण फक्त बोलायचं, तो लिहून घेतो. मला अक्षर येत नाही. म्हणजे हे मी वाचणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला वाचू देणार नाही. याच्यापेक्षा पक्की तिजोरी कुठे मिळायची?

तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवते. मी कशाला भीत नाही. स्वभाव दूरदृष्टीचा आहे, एवढंच.

लेकीला मोठी ऑर्डर मिळाली आहे. इतकी वर्षं तिच्या वर्कशॉपमध्ये गेटं आणि खिडक्यांचे गज बनायचे. आता बंद पडलेल्या कारखान्याचं भंगार जोडून ती चौकात बगळा उभा करणार. तीन मजली. बॉयलरचं पोट, साखळ्यांची मान, करवतीच्या पात्यांची पिसं. आणि चौक कुठला? आमच्या खिडकीसमोरचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे मी चहा पिणार आणि तो माझ्या कपात बघणार.

मी सहज विचारलं, पाय कशाचे करणार? ती म्हणाली, एकच पाय. बगळा एका पायावरच उभा असतो ना गं आई.

माझे दोन पाय मिळून मला उभं ठेवत नाहीत. काठी धरून तीन होतात, तेव्हा कुठे जमतं.

चहा सांडला. कप तेलकट होता.


३ मार्च

संकल्प: आज लेकीला शांतपणे समजावायचं की बगळा बसलेला कर.

समजावलं. ती म्हणाली, बसलेला बगळा लांबून बदक दिसतो, आणि नगरपालिकेने बदक मागितलेलं नाही. जावईबापू हसले. दिवसभर दुसऱ्यांचे दात बघतात, स्वतःचे दाखवायची एवढी हौस कशाला?

उद्या परत समजावेन. पाण्याच्या धारेने दगडसुद्धा झिजतो.


७ मार्च

दगड झिजला नाही. पाय आला.

लांबलचक गाडीवर आडवा घालून आणला. पाइपच तो, कारखान्यात यातून वाफ जायची म्हणे. जाड इतका, की मी आणि जावईबापू दोघांनी मिळून कवेत घ्यायचा म्हटला तरी हात पुरायचे नाहीत. खड्ड्यात उभा केला, भोवती काँक्रीट ओतलं. लेक माझी समजूत घालायला म्हणाली, आई, जेवढा वर आहे ना, त्याच्या अर्धा जमिनीत आहे. हलणार नाही.

मी म्हटलं, दातसुद्धा जबड्यात खोल असतो. तो पडतोच की. विचार तुझ्या नवऱ्याला.

जावईबापू प्रामाणिक माणूस. म्हणाले, हो, पडतो खरा. मग लेकीने आम्हा दोघांकडे असं पाहिलं की आम्ही मुकाट्याने जेवलो.


८ मार्च, दुपार

नवीन संकट. दुपारी वारा सुटला की पाइप घुमतो. हूंऽऽऽ. बाटलीच्या तोंडावर कोणी फुंकर मारावी तसं, पण बाटली घराएवढी. दुपारच्या झोपेचं खोबरं झालं.

लेकीला सांगितलं, तुझा बगळा अजून पुरता जन्माला आला नाही आणि रडायला लागला. त्याचं तोंड बंद कर. ती म्हणाली, बघते.


९ मार्च

दूध आणायला खाली गेले, तेव्हा पाय वाजवून पाहिला. मडकं विकत घेताना वाजवून घेतो ना, तसंच. नीट असेल तर ठण्ण बोलतं, तडा असेल तर बद्द. मी लांब उभी राहिले आणि काठी लांब केली. ठण्ण! बराच वेळ घुमला.

लांब यासाठी, की तिथे चिखल होता.


१० मार्च

पायाभोवती पत्रे ठोकले. आत जायला मनाई. आता वाजवता येणार नाही. ठीक आहे, खिडकी आहे. देखरेख वरूनच बरी होते.

घुमणं बंद झालं. माझ्या शब्दाला या घरात अजून वजन आहे.

कपाटातली माझी जाड गोधडी मात्र सापडत नाही. या घरात वस्तूंना पाय फुटतात. बगळ्याला तेवढा दुसरा फुटत नाही.


१२ मार्च

क्रेन आली. बगळ्याचं पोट वर चढवलं आणि पायावर बसवलं. लेक दुसऱ्या गाडीच्या लोखंडी पिंजऱ्यात उभी राहून वर गेली. माझ्या खिडकीच्याही वर. तिथे डोळ्यांवर काळी काच लावून ठिणग्या उडवते. पिंजरा वाऱ्यावर हलतो. ती खाली बघून हसते. लहानपणी हिला स्टुलावर चढायला मी बंदी केली होती. त्याचा सूड आहे हा.

माझी तब्येत उत्तम. सकाळपासून खिडकीतून हलले नाही, ते ऊन छान होतं म्हणून. दारामागे लेकीचं पिवळं हेल्मेट लटकलेलं दिसलं, ते डोक्यात घातलं. डोक्याला ऊब हवीच या वयात.


१३ मार्च

आज मोठा शोध लागला!

खिडकीत उभी राहून चादर झटकत होते. दोन्ही हात लांब केले आणि क्रेन जागच्या जागी थांबली. बॉयलरची झाकणं हवेत लटकली. सगळे वर, माझ्याकडे बघायला लागले. क्रेनवाल्याने खालून ओरडून विचारलं, आजी, काय झालं?

मग लेकीने सांगितलं. क्रेनला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हे सगळं एकाच माणसाने हाताने दाखवायचं असतं. इथे ते ती दाखवते. पण दोन्ही हात आडवे पसरले की त्याचा अर्थ थांब. आणि थांब कोणीही म्हणू शकतं. रस्त्यावरचं पोर म्हणालं तरी क्रेनवाल्याला थांबावंच लागतं. नियमच आहे.

कोणीही!

इतका अधिकार मला लग्नात नव्हता, घरात नव्हता, कुठेच नव्हता. नुसते हात पसरले की एवढं मोठं धूड गप्प.

संकल्प: हा अधिकार अगदी गरज असेल तरच वापरायचा.


१४ मार्च

आज गरज वरचेवर पडली. एकदा पिंजरा डुलला. एकदा साखळी करकरली. एकदा लेकीने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. एकदा ढग आला. एकदा कावळा येऊन बसला, आणि कावळ्याचंही वजन असतंच.

संध्याकाळी क्रेनवाला दार वाजवून आत आला. मोठ्या पोटाचा, हळू बोलणारा माणूस. म्हणाला, आजी, याच्यापेक्षा बगळा अंड्यातून काढला असता तर एव्हाना उडायला लागला असता. मी त्याला चहा दिला. चांगला माणूस आहे. माझ्या हुकमात काम करायची त्याला सवय होते आहे.


१५ मार्च

लेक माझ्याजवळ बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, आई, महिनाअखेरीला हा पूर्ण झाला नाही तर नगरपालिका ही जागा दुसऱ्याला देणार. मग हे सगळं कापून परत भंगारात जाईल. आयुष्यभर लोकांच्या दारांना गेटं लावली मी. एकदा काहीतरी असं करू दे, जे कोणी मान वर करून बघेल.

मी म्हटलं, मान वर करून बघताना मानेवरच पडलं तर?

ती हातांवरची काजळी पुसत राहिली. तिच्या हातावर ठिणग्यांचे बारीक डाग आहेत, तीळ वाटावेत असे. मी मोजत बसले नाही.

वचन दिलं. आता हात पसरणार नाही.


१९ मार्च, दुपार

आज डोकं चढवायचं होतं. वचन पाळायचा एकच खात्रीचा मार्ग: आतल्या खोलीत जायचं, खुर्चीवर बसायचं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. तशी बसले. हेल्मेट घालून.

खिडकीतून बघून जावईबापू सांगत होते. उचललं. आलं. फिरलं. आणि मग गप्प झाले. जो माणूस बातमी सांगता सांगता गप्प होतो, त्याच्याइतका वाईट माणूस नाही.

बाहेर आले तर खिडकीत चोच! गजांपासून हातभर लांब. नांगराच्या फाळासारखी, गंजलेली, आणि हळूहळू झुलत होती. माझे हात आपोआप उठायला लागले, तेव्हा मी ते पोटाशी घट्ट आवळून धरले. क्रेनवाल्याने मात्र स्वतःच थांबवलं होतं.

चोचीच्या मागून लेकीचा पिंजरा आला. मला वाटलं, आता म्हणेल, आई, घाबरू नकोस. ती म्हणाली, आई, तुझ्या डोक्यावर काय आहे? आठवडा झाला, माझं हेल्मेट शोधतेय मी.

आणि तिच्या डोक्यावर जावईबापूंचं स्कूटरचं हेल्मेट. पट्टा तुटलेलं.

म्हणजे इतके दिवस ती तिथे वर, वाऱ्यात, लोखंडाखाली, आणि तिचं हेल्मेट इथे माझ्या डोक्यावर, बिनकामाचं.

काठीच्या मुठीला अडकवून गजांतून बाहेर दिलं. दोनदा गजावर आपटलं, कारण काठी जड आहे. ती घालून म्हणाली, ऊबदार आहे गं.

मग मी जाऊन आडवी पडले. उन्हाचा त्रास.


२८ मार्च, सकाळ

पत्रे काढले. बगळा पूर्ण झाला. परवा उद्घाटन. तोवर दूध आणायला मी मागच्या रस्त्याने जाणार होते, पण आज म्हटलं, एकदा मडक्याची परीक्षा घेऊन टाकू. मग मनाला घोर नको. घोर मला नाहीच, पण इतरांना असतो.

लांब उभी राहिले. काठी लांब केली.

बद्द.

परत मारली. बद्द. दुसऱ्या बाजूने मारली. बद्द. मेलेल्या लाकडासारखा आवाज.

पाय फाटला आहे. आतून. वर सगळं पोट, मान, डोकं, आणि खाली तडा. शाळेची पोरं त्याच्याखालून जात होती. एक बाई पिशवी खाली ठेवून पायाला टेकून उभी. मी ओरडले, बाजूला व्हा! ती म्हणाली, आजी, तुम्हाला बसायचंय का?

धावत, म्हणजे माझ्या मानाने धावत, वर आले. लेक बूट न काढता जमिनीवरच झोपली होती. तोंड उघडं. कितीतरी दिवसांनी झोपली होती. उठवून काय सांगू? तुझा बगळा फुटका आहे?

नाही उठवलं.

नगरपालिकेत गेले. एकटी. तिथले इंजिनिअर साहेब माझं ऐकून आधी हसले. मग आले, त्यांनी स्वतः वाजवलं, आणि त्यांचं हसणं आटलं. चौक बंद केला. दोऱ्या बांधल्या. उद्घाटन रद्द म्हणाले, तपासणी होईपर्यंत. तडा निघाला तर बगळा कापायचा.

लेक गोंगाटाने जागी झाली. खाली आली. तिने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, बगळ्याकडे बघितलं. साहेबांना काही सांगू लागली, तर ते म्हणाले, आता जे असेल ते तपासणीत.

मी शेकडो जीव वाचवले आहेत. जेवण मात्र गेलं नाही.


२९ मार्च

तपासणी झाली.

पायाच्या वरच्या टोकाला, मांडीपाशी एक झाकण आहे. क्रेनवाला पिंजऱ्यातून वर गेला, झाकण उघडलं, आत आकडा घातला. सगळा चौक दोरीच्या पलीकडे श्वास रोखून उभा. दुकानदार, पोरं, जावईबापूंचे दोन पेशंट, एकाच्या तोंडात अजून कापूस.

त्याने ओढलं. भुशाचं पोतं निघालं. परत ओढलं. अजून एक पोतं. मग अजून. मग एक गोधडी निघाली. लांबच लांब, निघतच राहिली.

गोधडी ओळखीची वाटली. पण तशा गोधड्या पुष्कळांकडे असतात.

क्रेनवाल्याने ती वरून उलगडून सगळ्या चौकाला दाखवली आणि ओरडला, आजी, तुमची का ही? जावईबापू पटकन म्हणाले, हो, त्यांचीच. या माणसाचा प्रामाणिकपणा एक दिवस मला खाणार आहे.

लेक साहेबांना सांगत होती. पाइप घुमतो म्हणून आईनेच तक्रार केली होती. म्हणून पायात सगळ्यात खाली गोधडी कोंबली, तिच्यावर थेट वरपर्यंत पोती ठासली. म्हणून आवाज बसला. तडाबिडा काही नाही.

साहेबांनी वाजवलं. ठण्ण! चौकभर घुमला. तरी त्यांनी त्यांच्या यंत्रांनी सगळा पाय तपासला. निर्दोष. फक्त म्हणाले, आता आत काही कोंबायचं नाही, ओल धरते, गंज चढतो. घुमला तर घुमू द्या.

जाताना साहेबांनी मला कोपरापासून नमस्कार केला. एवढा मोठा माणूस, पण कदर आहे. मडक्याची परीक्षा त्यांनी माझ्याकडूनच शिकली.

घरी आल्यावर लेकीने गोधडी झटकली, घडी घातली, माझ्या पायांशी ठेवली. मग विचारलं, आई, खरं सांग. तुला बगळ्याची भीती वाटते, की मी त्याच्यावर चढते त्याची?

मी म्हटलं, मला कसली भीती? गोधडीला भुशाचा वास येतोय.


३० मार्च

उद्घाटन झालं. मी पहिल्या रांगेत बसणार होते, पण गुडघा दुखला. पहिली रांग बगळ्याच्या बरोबर खाली होती. या दोन गोष्टींचा संबंध नाही.

खिडकीतून पाहिलं. बगळ्याच्या डोक्यावर कापड टाकलं होतं. भाषणं झाली. मग क्रेनने कापड वर ओढायला सुरुवात केली, चोच दिसली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं. माझा ऊर भरून आला. मी दोन्ही हात पसरले.

क्रेन थांबली.

अर्धं डोकं झाकलेलं, अर्धं उघडं. तापात पांघरूण घेऊन बसलेल्या माणसासारखा दिसत होता. पाहुणे ताटकळले. बँडवाले तेच तेच वाजवत राहिले. क्रेनवाला नियमाचा पक्का. शेवटी लेक हसत हसत पुढे झाली, तिने हात दाखवला, तेव्हा कापड निघालं.

सगळ्यांनी मान वर केली. अख्ख्या चौकाने. लेक तेवढी बगळ्याकडे बघत नव्हती, ती लोकांच्या मानांकडे बघत होती.

छान दिसतो. उन्हात पिसं चमकतात. लांबून.


२ एप्रिल

घुमतो. रोज दुपारी. हूंऽऽऽ.

संकल्प: माझी खाट मागच्या खोलीत हलवायची, कायमची. जावईबापूंनी हलवली.


३ एप्रिल

जावईबापूंनी खाट परत आणली. मागच्या खोलीत डास आहेत. शिवाय तिथे काहीच ऐकू येत नाही.

म्हणजे, काही काम निघालं तर हाक ऐकू यायला नको का?


५ एप्रिल

दुपारी गाढ झोप लागते आहे. ती जावईबापूंनी दिलेल्या गोळीची. गोळी कालपासून घ्यायची राहिली आहे.


६ एप्रिल, दुपार

हे खालून बोलते आहे.

लेक जेवून चौकात गेली होती. बगळ्याच्या चौथऱ्याला रंगाचा हात मारायचा राहिला होता. मी पडले. तो घुमत होता. डोळा लागला.

जाग आली ती शांततेने. आवाज नव्हता. अजिबात नव्हता. आवाज नाही म्हणजे बगळा नाही, आणि लेक खाली बसली आहे. एवढंच डोक्यात आलं. खिडकी चार पावलांवर होती, तिच्यातून बघायचं सुचलं नाही. दार उघडलं, जिना उतरले. कशी उतरले माहीत नाही. अनवाणी. चौकात आले, दोन्ही हात पसरले आणि ओरडले, थांऽऽब!

दोन स्कूटर थांबल्या. एक कुत्रा थांबला.

बगळा उभा होता. एका पायावर. लेक खाली उकिडवी बसून, हातात ब्रश, माझ्याकडे बघत होती.

क्रेनवाला समोर चहा पीत होता. म्हणाला, आजी, तुमचा हुकूम जबरदस्त. तुम्ही थांब म्हणालात आणि बघा, वारासुद्धा थांबला.

वारा थांबला होता. एवढंच झालं होतं. चहावाला हसला, स्कूटरवाले हसले. लेक हसली नाही. ती उठून माझ्याजवळ आली, तिने माझे दोन्ही हात खाली केले, रंगाचे डाग लागले. म्हणाली, आई, तुझी काठी?

तेव्हा लक्षात आलं. काठी वर. मी खाली. मध्ये तीन मजले. फोन तेवढा गळ्यात अडकवलेला, नातीच्या कृपेने.

लेक काठी आणायला गेली आहे. मी बगळ्याच्या पायाला पाठ लावून बसले आहे, कारण इथे टेकायला दुसरं काही नाही. वर बॉयलरचं पोट दिसतं. खालून बरंच मोठं आहे. बोटाच्या पेराने पाय वाजवून पाहिला. ठण्ण.

मी कशाला भीत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. उठता येत नाही ते गुडघ्यामुळे. लेक काठी घेऊन येईल, पण मी लगेच वर जाणार नाही. वारा सुटेपर्यंत इथेच बसते.